गाडीत काहीतरी जळतंय : एका वासाची सव्वाशे वर्षांची गोष्ट

हेडफोन लावलेत? गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर आवाज जरा कमीच ठेवा. आणि आज कानापेक्षा नाकाकडे जास्त लक्ष द्या, कारण आजचा विषय नाकाचा आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नुकतीच पहिली गाडी घेतली असेल. कुणी सेकंडहँड, कुणी बाबांची जुनी. मस्त लाँग ड्राइव्ह चाललीय, गाणी चाललीत, आणि मध्येच कुणीतरी म्हणतं, "अरे, कसला तरी जळका वास येतोय का?" मग सगळे नाकं वर करून हुंगायला लागतात. एक जण म्हणतो बाहेरून येतोय, शेतात काहीतरी पेटवलं असेल. दुसरा म्हणतो काचा लाव. आणि गाडी तशीच पुढे जात राहते.

आता गंमत बघा. हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास झाला, त्यातच ब्रेक झिजले, वायर उघडी पडली, पाणी उकळून उडून गेलं. आणि हे सगळं रस्त्यातच दुरुस्त केलं ते एका बाईने.

ती बाई म्हणजे बेर्था बेन्झ. नवऱ्याचं नाव कार्ल बेन्झ. कार्लने जानेवारी १८८६ मध्ये जर्मनीत आपल्या तीनचाकी मोटारगाडीचं पेटंट घेतलं होतं. पण गाडी कुणी विकत घेईना. लोकांना ते खेळणं वाटायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्थाने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, ऑयगेन आणि रिखार्ड या दोन मुलांना सोबत घेतलं आणि मानहाइमहून निघाली थेट माहेरी, फोर्झहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. तोपर्यंत मोटार जेमतेम गावातल्या गावात फिरायची.

वाटेत इंधनाची नळी तुंबली. बेर्थाने टोपीची पिन काढून ती मोकळी केली. इग्निशनची वायर घासून उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळून इन्सुलेशन केलं. इंधन संपलं, तर वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोईन घेतलं. तेव्हा ते कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचे. इंजिन थंड ठेवायला पाणी लागायचं आणि ते सतत वाफ होऊन उडायचं, म्हणून मिळेल तिथे थांबून पाणी भरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक. ते होते लाकडाचे ठोकळे. उतारावर चाकाला घासून घासून ते झिजले. मग बेर्थाने एका चांभाराला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर म्हणून आज ह्याच चामड्याकडे बोट दाखवतात.

आता विचार करा. लाकूड आणि चामडं फिरत्या चाकावर दाबायचं, तेही उतारावर. वास येणारच ना! ब्रेक म्हणजे शेवटी काय? गाडीच्या वेगात जी ऊर्जा आहे तिची घासून घासून उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची. ही उष्णता सोडायला वेळ मिळाला नाही की जे घासतंय तेच जळायला लागतं. १८८८ मध्ये चामडं होतं, आज दुसरं काही आहे. नियम तोच.

जुन्या बुटांपासून बेकेलाइटपर्यंत

पुढची गोष्ट इंग्लंडमधली, डर्बीशायरच्या डोंगराळ भागातली. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाच्या लक्षात आलं की घोडागाडीवाले उतारावर लाकडी ब्रेकला जुन्या बुटांचे तुकडे ठोकतात. म्हणजे बेर्थाच्या चांभाराची युक्ती तिथेही चालू होती. फ्रूडने १८९७ मध्ये ब्रेकसाठी खास अस्तर बनवायचा धंदा सुरू केला. कंपनीचं नाव पडलं फेरोडो. फ्रूड हे आडनाव इंग्रजीत लिहा, त्यात बायकोच्या, म्हणजे एलिझाबेथच्या नावातलं पहिलं अक्षर घाला आणि सगळी अक्षरं उलटसुलट करा, की फेरोडो तयार! आजही स्पेअर पार्टच्या दुकानात हे नाव दिसतं.

सुरुवातीला तो कापूस वगैरे वापरायचा. घोडागाडीला ते पुरलं. पण मोटारींचा वेग वाढला आणि कापूस करपायला लागला. मग १९०८ च्या सुमारास त्याने ॲस्बेस्टॉस आणलं. न जळणारा खनिज तंतू. ब्रेकसाठी याहून चांगलं काय? पुढची कितीतरी दशकं जगभरातल्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस होतं.

पण त्याची किंमत दुसऱ्यांनीच मोजली. इंग्लंडच्या रॉचडेल गावात नेली केरशॉ नावाची एक कामगार बाई ॲस्बेस्टॉसचा धागा कातण्याचं काम करायची. फुप्फुसात ती धूळ साठून १९२४ मध्ये ती वारली. वय ३३. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने झालेला मृत्यू म्हणून वैद्यकीय नियतकालिकात तिची नोंद झाली. तरी ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडलं. मधल्या काळात किती मेकॅनिकांनी ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने फूं करून उडवली असेल आणि तीच श्वासात घेतली असेल! जळक्या वासावर शोधलेला उपाय बिनवासाच्या धुळीने माणसं मारत होता. म्हणून आजसुद्धा गॅरेजमध्ये जुन्या ब्रेकची धूळ हवेने उडवत असतील तर तिथे उभे राहू नका. ओल्या फडक्याने पुसा म्हणावं.

आता आपल्या ब्रेक पॅडमध्ये बहुतेक वेळा काय असतं? धातूचे कण, तंतू, ग्रॅफाइट, आणि हे सगळं धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन. हे रेझिन म्हणजे लिओ बेकलंडने १९०७ मध्ये शोधलेल्या बेकेलाइटचं भावंड. बेकेलाइट म्हणजे आजीच्या घरातले ते काळे स्विच, जुन्या फोनचे काळे रिसीव्हर. घाट उतरताना जो नाकात झोंबणारा, औषधासारखा तिखट वास येतो ना, तो हे रेझिन तापून तुटायला लागल्याचा. त्यातून निघणारा वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो, पकड कमी होते. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. मेकॅनिक लोक याला ब्रेक फेड होणं म्हणतात.

घाट आणि मामा

आपल्याकडे ही गोष्ट शिकवली घाटांनी. मुंबईहून पुण्याला जायचं तर बोरघाट आलाच. तिथे गाडीरस्ता झाला १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात. रेल्वे चढली १८६३ मध्ये. रेल्वेच्या इंजिनिअरांना ब्रेकची एवढी धास्ती होती की त्यांनी घाटात कॅच सायडिंग बांधले. म्हणजे उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक गेलेच तर तिला मुख्य मार्गावरून बाजूला काढून चढाच्या रुळावर घालायचं, तिथे ती आपोआप थांबेल. आजही पुण्याहून येणाऱ्या गाड्या घाटात मध्येच थांबतात, आपण चिडतो, "आता काय झालं?" झालेलं काही नसतं. ब्रेकची तपासणी चाललेली असते. दीडशे वर्षांहून जास्त जुनी शिस्त आहे ती.

रस्त्यावरच्या गाड्यांना अशी सक्ती कुणी केली नाही. माझा मामा बरीच वर्षं टेम्पो चालवायचा. एकदा मी त्याच्यासोबत कसारा घाट उतरत होते, त्याच्या मित्राच्या गाडीतून. तो मित्र चालवत होता. अर्ध्यात तो तिखट वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मामाने फक्त एवढंच म्हटलं, "गियर कितवा आहे रे?" मित्र म्हणाला, "न्यूट्रल. उतारच आहे की, पेट्रोल वाचतं." मामा शांतपणे म्हणाला, "पेट्रोल नंतर वाचव. आधी तिसरा टाक, मग दुसरा." गाडी गुरगुरली, वेग आपोआप कमी झाला. पुढे मोकळी जागा बघून थांबवली. मी बाटली घेऊन चाकावर पाणी ओतायला निघाले, तर मामा ओरडला, "अगं बाळा, नको! तापलेल्या तव्यावर गार पाणी टाकतेस का? डिस्क वाकडी होईल." मग टायरखाली दगड लावला, गाडी गियरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढलाच नाही. अर्धा तास नुसते बसलो. त्याने प्रत्येक चाकाजवळ लांबूनच हात नेऊन पाहिला, हात न लावता. पुढची दोन्ही सारखीच तापली होती. "दोन्ही सारखी आहेत म्हणजे चालवणाऱ्याची चूक," तो म्हणाला. "एकच तापलं असतं तर गाडीची."

ही मेकॅनिकची सगळ्यात सोपी तपासणी आहे, लक्षात ठेवा. एकच चाक गरम, बाकी थंड, तर त्या चाकाचा कॅलिपर अडकलाय, ब्रेक सुटत नाहीये. मागची दोन्ही गरम, तर हँडब्रेक ओढलेलाच राहिलाय का बघा. पुढची दोन्ही गरम आणि तुम्ही नुकताच घाट उतरलाय, तर गाडी थंड होऊ द्या आणि पुढे इंजिनचा ब्रेक वापरा. ज्या गियरमध्ये घाट चढाल त्याच गियरमध्ये उतरा, हे ट्रकवाल्यांचं जुनं सूत्र आहे. आणि पेडल मऊ लागलं, खाली जायला लागलं, तर ब्रेक ऑइल उकळलंय असं समजा. तिथून पुढे गाडी नेऊच नका.

वास तसाच करपट आहे पण तुम्ही घाट चढताय, किंवा ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर रांगताय? मग तो बहुधा क्लच प्लेटचा. खूण सोपी. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. थांबा, गार होऊ द्या, आणि चढावर क्लचवर गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक वापरा.

गोड वास आला तर खूश होऊ नका

बेर्थाला वाटेत सारखं पाणी भरावं लागलं, हे आठवतंय? तो त्रास पुढे जवळजवळ शंभर वर्षं चालला. आपल्याकडे प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे नेहमीचं दृश्य होतं. ड्रायव्हर हातात पाण्याचा डबा घेऊन उभा आणि रेडिएटरमधून वाफा. मुंबईची ती काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची रस्त्यावरून गेली, पण ज्यांनी ती चालवली त्यांना गाडीचं अंग तापलंय हे काट्याआधी नाकाने कळायचं.

आताच्या गाड्यांत साधं पाणी नसतं, कूलंट असतं. त्यात इथिलीन ग्लायकोल असतं. १९२० च्या दशकात ते गाड्यांमध्ये यायला लागलं. त्याचा वास गोडसर, काकवी तापवल्यासारखा. चवही गोड, पण आहे ते विष. कुत्र्यामांजरांनी जमिनीवर सांडलेलं चाटलं तर जीव जातो. म्हणजे गाडीत गोड वास यायला लागला, काचेवर आतून चिकट धुकं बसायला लागलं, तर कूलंट गळतंय. तापमानाचा काटा बघा. वर जात असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा. हो, उन्हाळ्यातसुद्धा! हीटर इंजिनचीच उष्णता खेचून घेतो. मग सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा.

आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. कुकरची शिट्टी पडायच्या आधी कुणी झाकण उघडतं का? हाही कुकरच आहे. आतलं पाणी दाबाखाली असतं म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब गेला आणि सगळं एकदम तोंडावर.

तेलाचा वास वेगळा. भजी तळून तळून काळं पडलेल्या तेलासारखा, जड. इंजिन ऑइल गळून गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडतंय. बॉनेटच्या कडेने निळसर धूर येतो. नुकतंच ऑइल बदललं असेल तर सांडलेले थेंब जळत असतील, थोड्या वेळात जातील. वास रोज येत असेल तर गॅस्केट गेलंय. तेल तापलेल्या पाइपवर पडणं म्हणजे आगीची तयारीच.

वायरचा वास : इथे थांबायचंच

आता सगळ्यात गंभीर प्रकार. प्लास्टिक जळल्याचा वास.

थॉमस एडिसनने घरोघर वीज पोचवायला सुरुवात केली तेव्हा त्याला कळलं होतं की वायरमधून क्षमतेपेक्षा जास्त वीज गेली की वायर तापून पेटते. १८९० मध्ये त्याने फ्यूजचं पेटंट घेतलं. कल्पना साधी. सगळ्या साखळीत मुद्दाम एक कमजोर कडी ठेवायची, म्हणजे तुटायची वेळ आली की तीच तुटेल. तुमच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली त्या रंगीत प्लास्टिकच्या पात्या आहेत ना, त्याच त्या कड्या. लाल १० अँपिअरची, निळी १५ ची, पिवळी २० ची, हिरवी ३० ची.

आणि आपण काय करतो? मोठा हॉर्न, जास्तीचे दिवे, ॲम्प्लिफायर, सगळं बाहेरून बसवून घेतो. वायर कापून जोड मारलेला असतो. फ्यूज उडतो. मग कुणीतरी म्हणतं, "मोठा टाकतो, परत उडणार नाही." फ्यूज उडत नाही. मग वायर जळते.

या बाबतीत आपल्या देशातली मोठी घटना म्हणजे टाटा नॅनो. मार्च २००९ मध्ये मुंबईत ती गाडी बाजारात आली. लाखाची गाडी, स्कूटरवरच्या चौघांच्या कुटुंबासाठी. २०१० मध्ये तिला आगी लागल्याच्या बातम्या आल्या. मुंबईत तर शोरूममधून घरी नेताना नवीकोरी गाडी पेटली. घरचे लोक वेळेत बाहेर पडले. कंपनीचं म्हणणं होतं की बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं किंवा सायलेन्सरवर अडकलेल्या वस्तू ही कारणं सापडली. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने सगळ्या गाड्यांना मोफत जादा सुरक्षा उपाय बसवून द्यायचं जाहीर केलं. पण लोकांच्या मनात बसलेला वास गेला नाही. त्या नोव्हेंबरमध्ये अख्ख्या देशात जेमतेम पाचशेच्या वर नॅनो विकल्या गेल्या. २०१८ मध्ये ती बंदच झाली. आगी हे एकच कारण नव्हतं, पण ज्या कुटुंबांसाठी गाडी केली, त्यांनाच भीती बसली.

म्हणून प्लास्टिकचा वास आला की वाद घालायचा नाही. इंडिकेटर द्या, बाजूला घ्या, इंजिन बंद, चावी काढा, सगळे खाली. आधी माणसं, सामान नंतर. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते धाडकन उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो. लांब उभे राहा, ११२ ला फोन करा. धूर नसेल आणि वास गेला असेल, तरी परत चालू करून बघायचा मोह नको. टोइंगवाल्याला बोलवा. पावसाळ्यात बरेच दिवस गाडी उभी असेल तर बॉनेटखाली उंदराने वायर कुरतडली असेल, घरटं केलं असेल. निघण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघण्याला दोन मिनिटं लागतात.

आपणच घातलेला वास

शेवटचा वास जरा वेगळा आहे, कारण तो माणसाने मुद्दाम घातलाय. मूळ नैसर्गिक वायूला वासच नसतो. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासच्या न्यू लंडन गावात शाळेच्या इमारतीत असाच वायू गळून साठला. कुणालाच कळलं नाही. स्फोट झाला आणि जवळपास ३०० जण गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासने कायदाच केला की गॅसमध्ये वास मिसळायचा. तो सडक्या कोबीसारखा वास म्हणजे मर्कॅप्टन. तुमच्या सिलिंडरमध्ये आणि सीएनजी गाडीत तोच असतो. तो आला की काचा उघडा, बाजूला थांबून इंजिन बंद करा, गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, बाहेर पडा. काडी नाही, सिगारेट नाही, गाडी परत स्टार्ट करणं नाही.

म्हणजे बघा. न्यू लंडनच्या त्या मुलांना वास आला असता तर ती वाचली असती. म्हणून आपण वास तयार केला. आणि आपल्या गाडीत फुकट येणाऱ्या वासाकडे मात्र आपण काच लावून दुर्लक्ष करतो.

नव्या गाड्यांत दहा दिवे आहेत, सेन्सर आहेत, स्क्रीन आहे. पण ब्रेकचं रेझिन तापतंय हे सांगणारा दिवा बहुतेक गाड्यांत नाही. वायरीचं आवरण वितळतंय हेही नाही. तिथे अजून बेर्थाच्याच काळातलं यंत्र कामाला येतं, ते म्हणजे नाक.

तर पुढच्या वेळी मागच्या सीटवरून कुणी म्हणालं की काहीतरी जळतंय, तर त्याला वेड्यात काढू नका. गाणं थांबवा, गियर खाली घ्या, जागा बघून थांबा आणि कोणतं चाक तापलंय ते बघा. हा भाग घाटातून नेहमी जाणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत सांभाळून चालवा!